मिठाचं उद्यापन

डॉक्टर वर्तकांनी बाबांच्या दंडावरचा पट्टा सोडला आणि सहज म्हणून आईच्या दंडाला बांधला, तेव्हा आई म्हणाली, "अहो डॉक्टर, पेशंट हे आहेत."

"माहीत आहे. पट्टा गरम आहे तोवर तुमचंही बघून घेतो."

हा डॉक्टरांचा ठरलेला विनोद होता, आणि आई त्याला ठरलेलं हसायची. डॉक्टरांनी रबरी फुगा दाबला. पारा वर गेला, खाली येऊ लागला आणि तो खाली येत असताना डॉक्टरांच्या भुवया वर जाऊ लागल्या. त्यांनी पट्टा सोडला, पुन्हा बांधला. मग दुसऱ्या दंडाला बांधला. बाबांचं नुकतंच एकशे तीस-ऐंशी भरलं होतं, त्यामुळे ते पहिल्या वर्गात पास झालेल्या मुलासारखे पाय हलवत बसले होते. त्यांच्या काही लक्षात आलं नाही.

"मशीन बिघडलं का?" त्यांनी विचारलं.

"मशीनचं बरं आहे. वहिनी, डोकं दुखतं का?"

"नाही."

"दुखतं," मी म्हणालो. "रोज सकाळी फडकं बांधून बसते."

"डोकं कोणाचं आहे?" आईनं मला विचारलं.

"एकशे नव्वद," डॉक्टर म्हणाले. "खालचं एकशे दहा."

आईनं बाबांकडे अशा नजरेनं बघितलं की जणू त्यांनीच आपलं जुनं ब्लडप्रेशर घरात कुठंतरी ठेवलं होतं आणि ते चुकून तिच्या अंगाला लागलं.

आईचा हा अपमान समजायचा तर चार वर्षं मागं जायला हवं. माझे वडील, कमळाकर घरत, आमच्या खाडीकाठच्या गावात लाँचच्या धक्क्यावर तिकीट मास्तर होते. पलीकडच्या बंदरावरून लाँच यायची ती भरती-ओहोटीच्या मर्जीनं. पण उतारूंना मर्जी सांगून चालत नाही, वेळ सांगावी लागते. "मास्तर, लाँच कधी?" असं कोणी विचारलं की बाबा शांत चेहऱ्यानं "ही काय, निघाली तिकडून," असं सांगायचे आणि डावा कान खाजवायचे. रोजचे उतारू चेहऱ्याकडे बघतच नसत. कानाकडे हात गेला की ते खुशाल चहा प्यायला जात. ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. फक्त बाबांना ठाऊक नव्हती.

अशा या माणसाला एकदा धक्क्यावर घेरी आली. ब्लडप्रेशर निघालं. डॉक्टरांनी गोळी दिली, आणि त्या काळी सगळेच डॉक्टर सगळ्यांनाच सांगत तसं सांगितलं, "मीठ कमी करा." बाबांनी गोळी कबूल केली. मिठाच्या बाबतीत त्यांचं म्हणणं असं पडलं की, ज्यानं मिठागरवाल्याची मुलगी केली, त्यानं मीठ कमी करणं हा सासऱ्याचा अपमान आहे.

मग आईनं आपल्या पद्धतीनं उपाय केला. देव्हाऱ्यात एकवीरेच्या फोटोपुढे नारळ ठेवून ती म्हणाली, "ह्यांचं उतरू दे. तोवर मी मीठ खाणार नाही."

पथ्य डॉक्टरांनी सांगितलं नवऱ्याला आणि पाळलं बायकोनं. यात काही चुकतंय असं आमच्या गावात कोणालाही वाटलं नाही. मलासुद्धा नाही, आणि मी तर पुढे अलिबागच्या कॉलेजात बी.एस्सी.ला गेलो.

आईचं माहेर खारवलीचं. तिचे वडील, आजोबा, सगळे मिठागरांत राबलेले. उन्हाळ्यात त्यांच्या अंगणात मिठाची पांढरी रास असायची आणि लहानपणी ती त्या राशीला पाठ टेकून कैरी खायची. अशा बाईनं मीठ सोडलं. कालवणात मीठ पडायच्या आधी ती आपली वाटी बाजूला काढून ठेवायची. खारे बोंबील भाजले की आम्ही जेवायचो आणि ती वास घ्यायची. शेजारणी तिचं नाव आदरानं घेऊ लागल्या. बाबा तिच्यासमोर बसून पापड मोडायचे, लोणच्याची फोड चोखायचे, आणि त्यांचं ब्लडप्रेशर महिन्या-महिन्यानं उतरत गेलं. गोळीनं उतरलं असं डॉक्टर म्हणत. आई त्यांच्या अज्ञानाला हसायची.

त्या एप्रिलात, मी सुट्टीवर आलो तेव्हा, उद्यापन झालं. व्रत सोडायचं ते माहेरच्या मिठानं, म्हणून हसुराम मामा खारवलीहून नव्या हंगामाचं मीठ घेऊन आला. धाकट्या भावानं थोरल्या बहिणीच्या पानात चिमूट वाढली. आईनं ती बोटानं टिपून जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले. त्यानंतर तिनं जे जेवायला सुरुवात केली, ते चार वर्षांची थकबाकी वसूल करण्याच्या बेतानं. सुकट, खारे बोंबील, वालाचं बिरडं, मीठ लावलेली कैरी. पंधरा दिवस हे चाललं होतं. चेहऱ्यावर तेज आलंय असं बाबा म्हणत. ती सूज होती.

आणि आता डॉक्टर विचारत होते, "वहिनी, दिवाळीत मी तुमचं बघितलं होतं तेव्हा एकशे चोवीस होतं. मधे काय बदललं?"

"काही नाही."

"मीठ," मी म्हणालो.

"हा कॉलेजात गेल्यापासून माझ्याकडून बोलतो," आई म्हणाली.

डॉक्टरांनी उद्यापनाची हकिगत ऐकून घेतली. मग खुर्ची पुढे ओढली. "तुमच्या आई कशानं गेल्या?"

"भाकरी थापत होती. थापता थापता आडवी झाली."

"वय?"

"माझ्याएवढी असेल."

"मावशी वगैरे?"

"मावशीची एक बाजू गेली होती. आजीचंही तसंच काहीतरी. आमच्याकडे म्हणतात, मिठागराची देवी वर्षाकाठी भाडं घेते, आणि कधी कधी माणूस घेते."

"घेत असेल," डॉक्टर म्हणाले. ते देवाधर्माशी भांडत नसत, त्यांची प्रॅक्टिस त्याच गावात होती. "पण ती माणूस कसं निवडते ते मला थोडंफार कळतंय. सगळ्यांची शरीरं मिठाला सारखी वागत नाहीत. काही शरीरं आलेलं मीठ सोडून देतात. हे मास्तर, यांनी मिठाची गोणी चाटली तरी यांच्या पाऱ्याला फारसा फरक पडणार नाही, असा माझा चार वर्षांचा अनुभव आहे. यांचा आजार वेगळ्या वाटेनं आलाय. तुमचं शरीर मीठ धरून ठेवतं. मिठाबरोबर पाणी धरतं आणि दाब वाढतो. नाक आईकडून यावं तसं हे आईकडून आलंय. तुम्ही चार वर्षं नवऱ्यासाठी उपास केलात आणि पुण्य परस्पर तुमच्या खात्यात जमा झालं. जगलात-वाचलात त्या व्रतानं."

बाबांचे पाय हलायचे थांबले.

"मग आता?" त्यांनी विचारलं.

"गोळी देतो. पण मीठ सोडलं नाही तर गोळी एकटी पुरी पडणार नाही. मीठ सोडा वहिनी. कायमचं."

"बरं," आई म्हणाली, आणि घरी येऊन तिनं कैरी चिरायला घेतली.

"आई, डॉक्टर काय म्हणाले?" मी म्हणालो.

"म्हणाले ते ऐकलं."

"मग?"

"मग काय? उद्यापन झालंय. देवीला सांगितलं, पावलीस, ऋण फिटलं. आता पुन्हा जाऊन काय सांगू? की मागचं राहू दे, आता माझ्यासाठी सोडते? स्वतःसाठी कोणी व्रत करतं का? त्याला चोचले म्हणतात."

"व्रत नको म्हणू. पथ्य म्हण."

"पथ्य आजारी माणसाला. मी चार घागरी पाणी आणते सकाळी."

गोळ्यांची पुडी तिनं एकवीरेच्या फोटोमागे ठेवली. बहुधा देवीनं घ्याव्यात म्हणून.

मी माझं शिक्षण पणाला लावलं. अंगणात खडूनं वंशावळ काढली, आजी, पणजी, मावशी, सगळ्यांना गोल दिले आणि या आजारानं गेलेल्यांचे गोल भरले. वाटाण्याच्या शेंगांपासून सुरुवात करून आनुवंशिकतेचे नियम सांगितले. आई कैरी खात मन लावून ऐकत होती. शेवटी तिनं विचारलं, "यात मी कुठंय?"

मी रिकामा गोल दाखवला.

"आणि तू?"

मी तिच्याखाली मुलगा म्हणून एक चौकोन काढला.

"तो भरायचा की रिकामा?"

"ते आताच सांगता येत नाही. निम्मा-निम्मा संभव असतो."

"मग एवढं शिकून काय मिळवलंस?" असं म्हणून तिनं सडा घालायच्या बादलीनं आमचं सगळं खानदान धुऊन काढलं.

बाबांनी हसुराम मामाला बोलावून घेतलं. त्याचं ती ऐकेल असा त्यांचा अंदाज होता. मामा आला, त्यानं सगळं ऐकलं आणि हिरमुसला. "बाय, मीठ सोरून कोनी जगतं क?" तो म्हणाला. येताना त्यानं पिशवीतून आणखी दोन शेर मीठ आणलं होतं. निघताना ओटीवर तो माझ्याजवळ थांबला आणि हळूच म्हणाला, "आयेचं पन असंच झायलं व्हतं. सकालचं डोकं बांधून बसायची." त्याचे डोळे भरून आले होते. पण आणलेलं मीठ त्यानं परत नेलं नाही.

त्याच आठवड्यात आई पाणी भरून येताना दारात थांबली, चौकट धरली आणि तशीच उभी राहिली. बाबा धावले. "काही नाही," ती म्हणाली, "उंबरा हलला." बाबांनी तिच्या डोक्यावरची घागर उतरवून घेतली. मी त्यांना तोवर कधी घागर उचलताना बघितलं नव्हतं. ती कुठं ठेवायची असते हेही त्यांना माहीत नव्हतं. ते बराच वेळ घागर घेऊन घरभर फिरले.

त्या रात्री ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी धक्क्यावर गेले आणि दुपारीच परत आले. दुपारची लाँच टाकून मास्तर घरी आले, ही घटना आमच्या घरात पहिलीच. आई मागच्या पडवीत दाराकडे पाठ करून बसली होती आणि पितळी हंडा चिंच-मीठ लावून घासत होती. मी खांबाला टेकून वाचत होतो. बाबा उंबऱ्यावर बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"काय झालं?" आईनं मान न वळवता विचारलं.

"काही नाही. जरा चक्कर आली. येताना वर्तकांकडे जाऊन आलो."

हंड्यावरचा हात थांबला.

"मग?"

"एकशे ऐंशी," बाबा म्हणाले. चेहरा अगदी शांत होता. आणि मी बघितलं, त्यांचा हात सावकाश वर गेला आणि डावा कान खाजवू लागला.

पण आईची पाठ होती. तिनं हंड्यावरून चिंचेचा शेवटचा हात फिरवला. मग हंड्यावर पाणी ओतलं, हात धुतले, पदर खोचला आणि उठली. आम्हा दोघांच्या मधून ती आत गेली. फळीवरची मिठाची बरणी, मामानं आणलेलं मीठ, लोणच्याची बरणी, सगळं तिनं एका टोपलीत भरलं आणि शेजारच्या घरी देऊन आली. मग देव्हाऱ्यापुढे नारळ ठेवला.

"आता उद्यापन नाही," ती देवीला म्हणाली. आवाज दमदाटीचा होता.

"मग कधीपर्यंत?" बाबांनी विचारलं.

"तुम्ही आहात तोवर."

बाबांनी मान खाली घातली. मला वाटलं, ओठांतलं हसू लपवताहेत. पण आईचं बोलणं संपलं नव्हतं.

"मागच्या खेपेला माझं चुकलं," ती म्हणाली. "मी सोडलं आणि तुम्ही समोर बसून खात राहिलात. म्हणून व्रत टिकलं नाही. आता तुमच्याही पानात मीठ नाही."

"माझ्या?"

"एकशे ऐंशी कोणाचं आहे?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. बुडणाऱ्या लाँचमधून माणूस काठाकडे बघतो तसं. मी पुस्तकात मान घातली.

संध्याकाळी मी डॉक्टर वर्तकांकडे गेलो. "बाबांचं एकशे ऐंशी निघालं म्हणे?"

"तुझे बाबा त्या दिवसानंतर इकडे फिरकलेले नाहीत," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "आकडा मात्र चांगला निवडलाय. जास्त नाही, कमी नाही." आणि थोड्या वेळानं म्हणाले, "पुढच्या महिन्यात दोघांनाही पाठव. मास्तरांचं अजून जरा वरच असेल, असा माझा अंदाज आहे."

तेव्हापासून दर महिन्याला बाबा तपासून घ्यायला जात. डॉक्टर गंभीर चेहऱ्यानं "हं, अजून जरा वरच आहे मास्तर," म्हणत, आणि मग पट्टा गरम आहे तोवर आईचंही बघत. तिचं एकशे तीसच्या आसपास आलं आणि तिथंच राहिलं. फोटोमागची गोळीही पुढे ती घेऊ लागली. व्रताला जोड म्हणून.

ज्या माणसाच्या पाऱ्याला मिठानं काही होत नव्हतं, तो माणूस नंतर एकोणीस वर्षं अळणी जेवला. पहिल्या वर्षी त्यांनी आमटीकडे बघून उसासे टाकले. दुसऱ्या वर्षी लिंबावर आले. पुढे पुढे लग्नाच्या पंगतीत त्यांना जेवण खारट लागू लागलं आणि ते यजमानाला नावं ठेवू लागले. मी नोकरीला लागल्यावर एकदा त्यांना धक्क्यावर गाठलं. कैरीचे दिवस होते. बाकड्यावर त्यांनी कागदात मीठ आणि समोर कैरीची फोड घेतली होती. मला बघून त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला. "घे," म्हणाले, "मी नुसती बघत होतो." आणि कान खाजवला.

"सांगून का टाकत नाही तिला?" मी विचारलं. "इतकी वर्षं झाली. आता सवय झालीय तिला."

"लाँच निघाली म्हणून एकदा सांगितलं ना," बाबा खाडीकडे बघत म्हणाले, "की ती येईस्तोवर तिकीट खिडकी सोडता येत नाही."

बाबा गेले ते न्यूमोनियानं, पावसाळ्याच्या शेवटी. ब्लडप्रेशर शेवटपर्यंत एकशे तीस-ऐंशी. तेराव्याच्या दिवशी मला दुःखाच्या बरोबरीनं एक धास्ती होती. आईनं देवीला शब्द दिला होता तो 'तुम्ही आहात तोवर'चा. आता ते नव्हते. व्रत सुटलं होतं.

हसुराम मामाला ते माझ्याआधी कळलं होतं. त्याचा उजवा हात मागल्या वर्षीपासून चालत नव्हता, चेहऱ्याची एक बाजूही ओघळली होती. तरी तो डाव्या हातानं काठी टेकत आला होता आणि खिशात पुडी होती. माहेरचं मीठ. पंगत उठल्यावर घरचे आम्ही तिघं शेवटी बसलो. मामानं डाव्या हातानं आधी आईच्या आणि मग माझ्या पानात चिमूट वाढली.

"व्रत सोर आता बाय," तो म्हणाला.

आई त्या मिठाकडे बघत राहिली. मी तिच्याकडे.

"आई," मी म्हणालो, "तुला एक सांगायचं होतं. बाबांचं त्या वेळी..."

"चढलं नव्हतं," आई म्हणाली. "माहीत आहे."

मी हातातला घास पानात परत ठेवला.

"तुझी पाठ होती तेव्हा."

"पाठ होती. समोर हंडा होता, चिंच-मिठानं घासलेला. त्यात उंबरा दिसत होता, उंबऱ्यावर हे, आणि ह्यांचा हात कानाला."

"मग तू त्यांना बोलली का नाहीस?"

"काय बोलू? माझ्यासाठी दुपारची लाँच टाकून आलेला माणूस. त्याला म्हणू, खोटं बोलता?" तिनं पदरानं नाक पुसलं. "आणि मीठ मलाही सोडायचंच होतं रे. उंबरा हलला त्या दिवसापासून जीव टांगणीला लागला होता. निमित्त मिळत नव्हतं. ह्यांनी आणून दिलं."

"पण मग त्यांचं मीठ का बंद केलंस? त्यांना तर काही होत नव्हतं."

आईनं पहिल्यांदाच, त्या तेरा दिवसांत पहिल्यांदाच, जरा हसल्यासारखं केलं.

"देवीपुढेसुद्धा खोटं चालवलं," ती म्हणाली. "थोडी तरी शिक्षा नको?"

मामा एका बाजूनं हसला. दुसरी बाजू त्याचं ऐकत नव्हती.

आईनं पानातलं मीठ बोटानं कडेला सारलं. सारून ती थांबली. आता ते कोणासाठी सारलं, हा प्रश्न तिला पडला असावा, कारण तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं, डोळ्यांखाली, कपाळावर. त्या दिवसांत मी सकाळी उठल्यावर डोक्याला रुमाल बांधत होतो. रडण्यानं दुखतं, असं सगळ्यांना सांगितलं होतं.

"तुझं किती आहे रे?"

"माझं? नॉर्मल आहे," मी म्हणालो. "मागच्याच महिन्यात बघितलं ऑफिसात."

ती माझ्या चेहऱ्याकडे बघतच नव्हती. तिची नजर जिथं होती तिथं माझा हात कधी गेला, ते मलाही कळलं नव्हतं. मी तो कानावरून खाली घेतला.

तिनं हात लांब केला, माझ्या पानातलं मीठ बोटानं गोळा केलं आणि मामाच्या पुडीत परत टाकलं.

"जेव," ती म्हणाली. "उद्या नारळ आण."